लेक जुनालुस्का की मॉन्ट्रीट? डोंगरातल्या रिट्रीटची निवड करताना

नॉर्थ कॅरोलायनाच्या पश्चिम भागात, ॲशव्हिल शहराच्या दोन बाजूंना दोन जुनी ख्रिस्ती रिट्रीट केंद्रं, म्हणजे विसावा आणि उपासनेसाठी काही दिवस जाऊन राहायच्या जागा, आहेत. पश्चिमेला हेवूड काउंटीत मेथडिस्ट परंपरेचं लेक जुनालुस्का आणि पूर्वेला ब्लॅक माउंटन गावाच्या वरच्या अंगाला प्रेस्बिटेरियन परंपरेचं मॉन्ट्रीट. दोन्ही डोंगरात, दोन्हीकडे तळं, सभागृह, राहण्याच्या खोल्या आणि शंभराहून जास्त वर्षांची उपासनेची परंपरा. कागदावर दोन्ही इतकी सारखी दिसतात की शार्लट, ॲटलांटा किंवा रॅलीहून निघणाऱ्या मराठी कुटुंबाला किंवा प्रार्थनागटाला नेमकं कुठे जावं हे ठरत नाही. त्यांच्यासाठी हा आढावा.

माझं मत आधीच सांगते. भारतातून आलेले आईवडील, सासूसासरे बरोबर असतील आणि मुख्य हेतू विसावा, मनन, एकत्र प्रार्थना असा असेल, तर जुनालुस्का. पंधरा-सोळा वर्षांची मुलं असतील आणि त्यांचा विश्वास त्यांचा स्वतःचा व्हावा अशी इच्छा असेल, तर मॉन्ट्रीट. भाडं, खोल्या, जेवण यांतले फरक यापुढे दुय्यम आहेत.

पाण्यापासून सुरुवात

तळ्यासाठीच जायचं असेल तर फार विचार करायची गरज नाही. जुनालुस्काचं तळं सुमारे २०० एकरांचं आहे. रिचलंड क्रीक या ओढ्यावर धरण बांधून ते तयार केलं आणि १९१३ मध्ये इथे पहिली मोठी परिषद भरली. सगळा परिसर या पाण्याभोवती वसलेला आहे. स्टुअर्ट ऑडिटोरियम हे जुनं सभागृह पाण्याला लागून आहे, टेरेस हॉटेल काठावर आहे, आणि टेकडीवर उभं असलेलं १९२१ चं लॅम्बथ इन तळ्याकडे तोंड करून आहे. काठाने जाणारी पायवाट साधारण २.३ मैलांची, बहुतेक सपाट आणि पक्की. तिच्या एका भागात दोन्ही बाजूंना गुलाब लावलेले आहेत, पाण्यात हंस आहेत आणि बसायला जागोजागी बाकं आहेत.

या सपाट वाटेला मी एवढं महत्त्व देते याला कारण आहे. अमेरिकेत आलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना घराबाहेर एकट्याने चालत जाता येईल अशी जागा फार कमी मिळते. उपनगरात फुटपाथ नसतात, डोंगरातल्या पायवाटा चढउताराच्या असतात. इथे त्यांना सकाळी कुणालाही न उठवता बाहेर पडता येतं, हवं तिथे बसता येतं आणि वाट चुकण्याची भीती नसते, कारण तळं कायम डोळ्यांसमोर असतं. समोरून येणारा प्रत्येक जण 'गुड मॉर्निंग' म्हणतो. चार दिवसांत त्यांच्या स्वतःच्या ओळखी होतात. मुलाच्या किंवा सुनेच्या गाडीवर अवलंबून राहावं लागत नाही, आणि हे सुख त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं.

पोहण्याच्या बाबतीत मात्र मुलांना आधीच सांगून ठेवा. जुनालुस्काच्या तळ्यात पोहायला परवानगी नाही, त्यासाठी वेगळा स्विमिंग पूल आहे. तळ्यात कयाक, कनू या वल्हवायच्या छोट्या होड्या आणि बोटीची फेरी.

मॉन्ट्रीटचं लेक सुझन त्यामानाने अगदी छोटं आहे. १९२४ मध्ये बांधलेलं, दगडी इमारतींच्या पुढ्यात, फ्लॅट क्रीक ओढ्यावर. सुंदर आहे, पण निवांत पावलांनीही त्याची फेरी लगेच संपते. तिथे तळं अंगणासारखं आहे, आणि खरं घर म्हणजे मागचं जंगल.

डोंगर आणि जंगल

इथे पारडं पूर्ण उलटतं. मॉन्ट्रीट तीन बाजूंनी डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात आहे आणि जंगलवाटा खोलीच्या दारापासून जवळपास सुरू होतात. लुकआउटची वाट अंतराने कमी पण चांगली चढाची. ग्रेबियर्डची वाट दिवसभराची, कारण ते शिखर ५,४०० फुटांच्या आसपास आहे. सह्याद्रीत गड चढलेल्यांना या वाटा आवडतील: दाट सावली, ओढे ओलांडणं आणि वर पोचल्यावर एकामागून एक निळ्या रांगा. मिसिसिपी नदीच्या पूर्वेचं सर्वांत उंच शिखर, ६,६८४ फुटांचं माउंट मिचेल, याच बाजूला आहे. ब्लू रिज पार्कवे या डोंगरमाथ्यावरच्या रस्त्याने गाडी अगदी माथ्याजवळ जाते, त्यामुळे चढ न झेपणाऱ्यांनाही ते पाहता येतं.

जुनालुस्काहून डोंगर बघायला गाडी काढावी लागते, पण मग ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यान जवळ पडतं. उद्यानाला प्रवेशशुल्क नाही, मात्र २०२३ पासून १५ मिनिटांहून जास्त वेळ गाडी लावायची असेल तर पार्किंग टॅग घ्यावा लागतो. या डोंगरांतून नाहीसे झालेले एल्क, म्हणजे मोठ्या जातीची हरणं, २००१ मध्ये कॅटालूची खोऱ्यात पुन्हा आणून सोडले गेले. आता ते चेरोकी गावाजवळच्या ओकोनालफ्टी केंद्रापाशीही सकाळ-संध्याकाळ चरताना दिसतात. आपल्या सांबरापेक्षा अंगाने बरेच मोठे. शरद ऋतूत, नर हुंकारतात तेव्हा, लहान मुलांना घेऊन जाच. पण अंतर ठेवा.

चेरोकीला जायचं आणखी एक कारण आहे, आणि मला ते एल्कपेक्षा मोठं वाटतं. जुनालुस्का हे चेरोकी या मूलनिवासी जमातीच्या नेत्याचं नाव. १८१४ च्या हॉर्सशू बेंडच्या लढाईत तो आणि त्याचे लोक अँड्र्यू जॅक्सनच्या बाजूने लढले. त्याच जॅक्सनने राष्ट्राध्यक्ष झाल्यावर १८३० मध्ये मूलनिवासींना हुसकावणाऱ्या कायद्यावर सही केली, आणि १८३८ मध्ये चेरोकींना जबरदस्तीने पश्चिमेला चालत नेण्यात आलं. जुनालुस्का पुढे पायी आपल्या डोंगरात परतला. त्याची कबर रॉबिन्सव्हिलला आहे. त्याच्या नावाच्या तळ्याकाठी प्रार्थनेला बसणाऱ्याला हे माहीत असायला हवं. तुमच्या गटाचा एक दुपारचा वेळ चेरोकीतल्या संग्रहालयासाठी राखून ठेवा.

परंपरा आणि वातावरण

मॉन्ट्रीटची सुरुवात १८९७ ची, जॉन कॉलिन्स या कनेक्टिकटच्या काँग्रिगेशनल पाळकांच्या पुढाकाराने झाली. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या ख्रिस्ती घरांतल्या वाचकांना ही परंपरा ओळखीची वाटेल, कारण अमेरिकन मराठी मिशनही याच शाखेचं. दहाएक वर्षांतच मॉन्ट्रीट प्रेस्बिटेरियनांकडे गेलं. जुनालुस्का दक्षिणेतल्या मेथडिस्टांचं. आपल्याकडे १९७० मध्ये अनेक चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) स्थापन होताना मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशिया ऐनवेळी बाहेर राहिलं, त्यामुळे महाराष्ट्रातल्या अनेक कुटुंबांत माहेर सीएनआय आणि सासर मेथडिस्ट असं असतं. अशा घरांनी दोन्ही केंद्रांत निःशंक जावं. वेगळेपण जाणवतं ते उपासनेच्या ढंगात. जुनालुस्कात गाण्याला मान मोठा. उन्हाळ्यात तिथे चर्चसंगीत आणि उपासनेच्या कलांचा खास सप्ताह होतो आणि भरलेल्या स्टुअर्ट ऑडिटोरियममध्ये चार सुरांत गायलेलं मेथडिस्ट परंपरेच्या संस्थापक वेस्ली बंधूंचं गीत ऐकणं हा मोठा आनंद आहे. मॉन्ट्रीटमध्ये प्रवचन आणि त्यानंतरची चर्चा हा गाभा.

या चर्चेला धारही आहे. दक्षिणेतल्या या दोन्ही केंद्रांनी वंशभेदाचा काळ पाहिला, वंशभेद पाळलाही. १९६५ च्या ऑगस्टमध्ये मार्टिन ल्यूथर किंग मॉन्ट्रीटला येऊन बोलले. प्रसिद्ध सुवार्तिक बिली ग्रॅहम यांचं घरही मॉन्ट्रीटलाच होतं, २०१८ मध्ये तिथेच त्यांचं निधन झालं. ते घर खासगी आहे, शोधत जाऊ नका.

आता तरुण मुलांविषयी, कारण माझ्या मते मॉन्ट्रीटचं खरं बळ त्यातच आहे. जून-जुलैमध्ये तिथे हायस्कूलच्या मुलांच्या आठवड्याच्या परिषदा भरतात. वेगवेगळ्या राज्यांतल्या चर्चमधून आलेली शेकडो मुलं अँडरसन ऑडिटोरियममध्ये जमतात. सकाळी 'एनर्जायझर' म्हणजे गाण्यांवर सगळ्यांनी मिळून हातवारे करत नाचणं, मग मुख्य भाषण, मग अनोळखी मुलांचे छोटे गट, दुपारी खेळ, संध्याकाळी उपासना आणि रात्री आपापल्या चर्चचा गट पुन्हा एकत्र बसून दिवसाबद्दल बोलतो. ही रात्रीची बैठक मला फार मोलाची वाटते. अमेरिकेत वाढणारी आपली मुलं मराठी उपासनेत मोठ्यांच्या मागे शांत बसतात. प्रश्न असतात, पण आजीसमोर विचारायचे कसे? इथे त्यांच्या वयाची मुलं मोठ्याने शंका विचारताना दिसतात आणि मोठी माणसं ऐकून घेतात. मात्र या आठवड्यांत मॉन्ट्रीट शांत नसतं. मौनात दोन दिवस घालवायचे असतील तर परिषदांचे आठवडे टाळून जा.

जुनालुस्कातही उन्हाळ्यात तरुणांची शिबिरं होतात, पण तिथला एकंदर सूर मध्यमवयीन आणि ज्येष्ठांचा. जूनमध्ये वेस्टर्न नॉर्थ कॅरोलायनाच्या मेथडिस्टांची वार्षिक परिषद तिथे भरते, तेव्हा खोल्यांची आशा धरू नका. पानं रंगण्याचा ऑक्टोबरही असाच भरलेला. मराठी गटासाठी मी एप्रिलचा शेवट किंवा सप्टेंबर सुचवेन.

'आम्ही ख्रिस्ती नाही, चालेल का?'

मिश्र कुटुंबांत हा प्रश्न हमखास येतो आणि तो मोकळेपणाने विचारायला हवा. दोन्हीकडे कुणीही राहू शकतं. उपासनेला बसण्याची सक्ती नाही. फक्त फरक असा की जुनालुस्कात साधे पाहुणे म्हणून राहणाऱ्यांची ये-जा रोजची आहे, त्यामुळे हिंदू सासूबाईंना किंवा मुलाच्या मित्राला परकं वाटत नाही. मॉन्ट्रीटला परिषदेच्या काळात परिषदेत नसलेला माणूस थोडा एकटा पडतो.

राहणं, जेवणं

मॉन्ट्रीटचं असेंब्ली इन १९२९ चं, स्थानिक दगडात बांधलेलं, आणि बघण्यासारखं. लॅम्बथ इनला जुन्या हॉटेलची शान आहे. दोन्हीकडे खासगी घरंही भाड्याने मिळतात, आणि दहा-बारा जणांच्या मराठी गटाला तेच सोयीचं: स्वयंपाकघर आपलं, रात्रीच्या गप्पांना वेळेचं बंधन नाही. भोजनगृहात शाकाहारी माणसाचं पोट भरतं, पण चौथ्या जेवणाला सॅलडचा कंटाळा येतो.

त्यावर उपाय ॲशव्हिलमध्ये आहे. अहमदनगरला वाढलेल्या मेहेरवान इराणी यांनी २००९ मध्ये सुरू केलेलं चाय पानी हे रस्त्यावरच्या भारतीय खाण्याचं उपाहारगृह. २०२२ मध्ये त्याला जेम्स बिअर्ड पुरस्कारांत देशातल्या सर्वोत्कृष्ट उपाहारगृहाचा मान मिळाला. मॉन्ट्रीटहून अर्ध्या तासात, जुनालुस्काहून थोडं जास्त.

रस्ता आणि वादळानंतर

शार्लटहून मॉन्ट्रीट सुमारे दोन तास: आय-४० महामार्गाच्या ६४ क्रमांकाच्या एक्झिटने ब्लॅक माउंटन आणि तिथून दोन मैल. जुनालुस्कासाठी ॲशव्हिल ओलांडून २७ क्रमांकाच्या एक्झिटपर्यंत जावं लागतं, म्हणजे आणखी पाऊण-एक तास. ॲटलांटाहून येणाऱ्यांना जुनालुस्का सोयीचं.

२७ सप्टेंबर २०२४ ला हेलीन वादळाने हा सगळा प्रदेश झोडपला. स्वानानोआ खोऱ्याचं, म्हणजे मॉन्ट्रीटच्या बाजूचं, नुकसान फार मोठं झालं. लेक सुझनमध्ये गाळ आणि दगडगोटे येऊन बसले, जंगलवाटांवर झाडं कोसळली. टेनेसीकडे जाणारा आय-४० पिजन नदीच्या घळीत वाहून गेला आणि मार्च २०२५ मध्ये एकेका लेनने सुरू झाला. नॉक्सव्हिलकडून येणार असाल तर जास्तीचा वेळ धरा. पार्कवेचे कोणते भाग उघडे आहेत ते नॅशनल पार्क सर्व्हिसच्या संकेतस्थळावर निघायच्या आदल्या दिवशी पाहा. या कारणाने मॉन्ट्रीट टाळू नका, असं मला मनापासून वाटतं. सावरत असलेल्या खोऱ्याला पाहुणे हवे आहेत.

पोहता येईल असं तळं आणि लाकडी कॉटेज हीच कल्पना डोक्यात असेल, तर हेंडरसनव्हिलजवळचं एपिस्कोपल परंपरेचं कनूगाही बघा. तळं तीसेक एकरांचं, परिसर खूप मोठा. अँग्लिकन उपासनेची सवय असलेल्यांना तिथे लवकर घरच्यासारखं वाटेल.

बुकिंगचा फोन करताना विचारायच्या गोष्टी: त्या आठवड्यात कोणती परिषद आहे, खोली कोणत्या मजल्यावर आणि लिफ्ट आहे का, कोणत्या वाटा आणि तळ्याचा कोणता भाग खुला आहे. उंची साधारण २,६०० फूट, महाबळेश्वरपेक्षा बरीच कमी, तरी हिवाळ्यात बर्फ पडतं आणि उन्हाळ्याच्या रात्रीही वडीलधाऱ्यांना शाल लागते. रविवारी मराठीत उपासना घ्यायची असेल तर चॅपलची किंवा छोट्या खोलीची वेळ खोल्यांबरोबरच मागून घ्या, ऐन वेळी ती मिळत नाही. जुनालुस्काचं मेमोरियल चॅपल लहान गटाला छान आहे. पेटी आणि गीतांची पुस्तकं गाडीत आपणच टाका.