नेपती : चौदा महिने बांधावर राखल्यावर

सोलापूरकडच्या आमच्या मुरमाड रानाच्या बांधावर नेपती या काटेरी झुडपाची एक जुनी जाळी आहे. दर उन्हाळ्यात आम्ही ती तोडायचो. गेल्या वर्षी जूनपासून तिला कोयता लावायचा नाही असं ठरवलं, शिवाय रोपवाटिकेतून दोन रोपं आणून कुंपणाला लावली.

आधी तक्रारी. रोपं चौदा महिन्यांत जेमतेम वीतभर वाढली. जाळीच्या मुळातून फुटलेला एक धुमारा खणून दुसरीकडे लावला, तो आठवड्यात वाळला. काटे जोडीजोडीने, सदरा अडकला की फाटूनच सुटतो. सावलीचं तर नावच नको. कोवळ्या फुटव्यांवर इवलीशी पानं येतात आणि लगेच गळतात. अन्न करायचं काम हिरव्या फांद्यांकडेच. पाहुणे हमखास विचारतात, "वाळलंय का हो हे?"

पावसाळ्यात पायोनियर फुलपाखरं जाळीभोवती घिरट्या घालू लागली. थोड्याच दिवसांत अळ्यांनी कोवळे फुटवे फस्त केले. फवारणीचा पंप बाहेर काढलाही होता, पण हात आवरला. जाळीचं काही बिघडलं नाही. थंडीत सांगण्यासारखं काही नाही.

खरी गंमत मार्चअखेरीस. सगळं रान करपलेलं आणि ही बिनपानांची जाळी विटकरी लाल फुलांनी भरलेली! उजाडताच फुलांतला मध पिणारे शिंजीर पक्षी हजर. दोन नर एका फांदीवरून इतके भांडायचे की चहा तसाच निवायचा. मेमध्ये फळं पिकून लालगुलाबी झाली आणि बुलबुलांची रीघ लागली. बी दूरवर पेरायचं काम हेच पक्षी करतात. दुपारी सातभाईंचा घोळका जाळीच्या बुडाशी पाचोळा उकरत बसायचा, सकाळी तिथेच सशाच्या लेंड्या दिसायच्या. थरच्या वाळवंटात माळढोकसुद्धा ही फळं खातो.

हिरव्या फळांचं लोणचंही घातलं. राजस्थानातले केर ते हेच. पहिला घाणा कडूजहर, कारण फळं आधी मिठाच्या पाण्यात मुरवायची असतात हे आईला विचारलंच नव्हतं.

घरापुढच्या बागेसाठी घेणार असाल तर नका घेऊ, चार महिन्यांत उपटून टाकाल. बांधावर आधीच जाळी असेल तर रोपांवर पैसेही घालू नका, आहे तीच राखा. जाळीला पाचपैकी साडेचार. रोपांना गुण द्यायला अजून तीन-चार उन्हाळे तरी जावे लागतील.