व्हिएन्नाचं लष्करी इतिहास संग्रहालय: वरच्या मजल्यावरचं बलून आधी बघा

व्हिएन्नाच्या मुख्य रेल्वे स्टेशनपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, आर्सेनाल या जुन्या लष्करी कोठाराच्या विटांच्या भव्य आवारात हे संग्रहालय आहे. बहुतेक पाहुणे तळमजल्यावर ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड १९१४ मध्ये सारायेव्होला ज्या मोटारीत मारला गेला ती मोटार बघतात आणि निघतात. मला भेटलेल्या एका मराठी कुटुंबाला त्यांच्या टूरवाल्याने वेळच तेवढा दिला होता. फार वाईट वाटलं.

मी आधी जिना चढलो, ‘लँत्रेपिद’साठी. हे फ्रेंच सैन्याचं टेहळणीचं बलून १७९६ साली जर्मनीतल्या व्युर्झबुर्गला ऑस्ट्रियनांच्या हाती लागलं. युरोपात टिकलेलं सर्वांत जुनं लष्करी उड्डाणसाधन म्हणून ते ओळखलं जातं. इचलकरंजीत मागावर आयुष्य गेलेल्या माणसाला त्याचं कापड बघताना काय वाटलं, ते शब्दांत नीट येत नाही. कापड हलकं हवं, दोरांचा ताण सोसणारं हवं आणि त्यातून हायड्रोजनही निसटता कामा नये! त्यासाठी रेशमावर खास रोगण चढवत. या कामावर पॅरिसजवळच्या म्यूदोंला निकोला-जाक कोंते होता. आजच्या शिसपेन्सिलीचा जनकही तोच.

वायू बनवण्याची तऱ्हा तर अचाट. लोखंडावर आम्ल टाकूनही हायड्रोजन मिळतो, पण त्या आम्लासाठी गंधक लागलं असतं आणि गंधक बंदुकीच्या दारूसाठी राखून ठेवलेलं. म्हणून भट्टीत लोखंड लालभडक तापवून त्यावरून वाफ सोडायची. वाफेतला ऑक्सिजन लोखंड धरून ठेवतं, हायड्रोजन मोकळा होतो.

हे काम वेळखाऊ, म्हणून १७९४ च्या जूनमध्ये ‘लाँत्रप्रनाँ’ हे आधीचं बलून फ्रेंचांनी फ्रान्समधल्या मोब्यूझहून आजच्या बेल्जियममधल्या शार्लरुआला भरलेलंच नेलं. दोर धरून, पायी! ज्योतिबाच्या यात्रेत सासनकाठी दोरांनी तोलत नेतात, तसंच हे. फक्त इथे ओढ वरच्या दिशेने आणि वाट युद्धभूमीची. २६ जूनला जवळच्याच फ्लरूसच्या लढाईत बलून तुकडीचा कॅप्टन कूतेल आणि जनरल मोर्लो सुमारे नऊ तास त्यात बसून शत्रूच्या हालचाली खाली कळवत होते. विजयाचं सगळं श्रेय बलूनला देणं मला पटत नाही, पण सेनापतीला टेकडीशिवाय उंची मिळाली ती इथे. पुढे १७९९ मध्ये फ्रान्सने ही बलून तुकडीच मोडली. एवढी विद्या हातची घालवली याची मला अजून हळहळ वाटते.

पाचपैकी पाच तारे. निदान अर्धा दिवस हाताशी ठेवा. कापडधंद्यातल्यांनी तर नक्कीच जावं. आधी वरचा मजला, मोटार नंतर.