सात महिने, एकच शेळी : वापरानंतरचा अनुभव

पुस्तक आणलं तेव्हा मुलगी सव्वातीनची होती, आता चारला टेकलीये, आणि मधले सात महिने ही खोडकर शेळी आमच्याकडे रोज रात्री वाचली जाते, कधीकधी दोनदा. 32 पानं, पानाला दोन ओळी, पाच मिनिटांचा मामला. यमकामुळे टिकलं असं मला आधी वाटायचं पण खरी गंमत वेगळीच निघाली, यात शब्द साळसूद आहेत आणि चित्र चहाडी करतं.

म्हणजे बघा, शेतकरी घोरतोय आणि पानावर एवढंच, "दबकत दबकत शेळी आली, टोपी त्याची गायब झाली". टोपी गेली कुठे, अवाक्षर नाही. पुढची दोन पानं तो कोंबड्यांवर खेकसतो, कुत्र्याकडे संशयाने बघतो, आणि कोपऱ्यात शेळीच्या तोंडातून टोपीचा लाल गोंडा लोंबतोय! मला हा गोंडा चौथ्यांदा वाचताना दिसला, तोही पोरीने बोट ठेवलं म्हणून. मी आपली ओळी वाचत सुटले होते.

यमकाचा फायदा आहेच. दोन आठवड्यांत मी "गायब" म्हणून थांबले की ती "झाली!" असं किंचाळायला लागली. पण कुंपणाचं पान म्हणजे डोक्याला ताप. सगळं पुस्तक सोळा मात्रांच्या ठेक्यात छान चाललेलं आणि तिथे एकदम लांबलचक ओळ, रोज जीभ अडखळते. मी गुपचूप ती छाटून "टुणकन उडी, कुंपण पार" केलं तर लगेच पकडलं, "असं नाहीये!"

चित्रकाराने डोळ्यातली बाहुली आडवी काढलीये, शेळीची तशीच असते, त्याबद्दल पैकीच्या पैकी. पण हसताना वरचे पुढचे दोन दात दाखवलेत, शेळीला तिथे दातच नसतात, नुसती टणक हिरडी असते. असो, बोळकं हसू एवढं आगाऊ दिसलं नसतं. आणि खऱ्या शेळ्या दिसेल ते गिळत नाहीत, ओठांनी चाचपून बघतात, खायच्या बाबतीत चोखंदळच असतात, हे मात्र मी पोरीला सांगून ठेवलंय, नाहीतर कुठली शेळी दिसली की ही टोपी पुढे करायची.

बांधणी सुमार. दुसऱ्याच महिन्यात पिनांमधून मधलं पान निसटलं, आता चिकटपट्टीवर तग धरून आहे. कागद इतका चकचकीत की दिव्याखाली अर्धं चित्र दिसत नाही, पुस्तक तिरकं धरावं लागतं. दोन वर्षांच्या आतलं पोर असेल तर जाड पुठ्ठ्याच्या पानांचं काहीतरी बघा, हे त्याच्या हातात टिकणार नाही, शेळीच्या आधी तेच चघळेल.

गेल्या महिन्यापासून मी "टोपी त्याची" म्हणून थांबले की ती "गायब झाली" म्हणतच नाही. गोंड्यावर बोट ठेवून "पोटात गेली!" म्हणते. एक मात्रा जास्त होते, पण मीही आता तसंच वाचते.