हवंय की आवडतंय? मेंदूतले दोन वेगळे हिशोब

डोपामिन म्हणजे आनंदाचं केमिकल असं सगळीकडे वाचायला मिळतं, पण उंदरांवरचं काम बघितलं की ते पटत नाही.

आधी 'आवडतंय' बघू. उंदराच्या तोंडात साखरपाणी सोडलं की तो जीभ काढून ओठ चाटतो, तान्हं बाळही तसंच करतं. 1989 मध्ये मिशिगन विद्यापीठात मेंदूचा अभ्यास करणाऱ्या केंट बेरिज यांनी डोपामिन जवळजवळ संपवलेले उंदीर तपासले, ते आपणहून खायचेच नाहीत, नळीने भरवावं लागायचं, पण जिभेवर गोड पडलं की चाटणं अगदी पहिल्यासारखं! चव लागत होती, ओढच गेली होती. मला तर हे वाचून गलबलून आलं.

'हवंय'चं उलटं. मेंदूत बारीक वायर घालून करंट दिला की पोट भरलेला उंदीरही खात सुटतो, पण चेहऱ्यावर आवडल्याची खूण काही वाढत नाही.

'हवंय' चालवणारं डोपामिनचं जाळं मोठं, आणि आवडीच्या जागा इवल्याशा, उंदराच्या न्यूक्लियस अकंबन्समधली (मेंदूच्या आतला एक छोटा भाग) तर फक्त 1 घन मिलिमीटरच्या आसपास, तिथे मेंदूतली अफूसारखी रसायनं काम करतात. म्हणून व्यसनात मजा उरत नाही तरी तलफ वाढतच जाते, त्याला नुसतं 'मन कमकुवत' म्हणणं मला अन्याय वाटतो.