यिशिंगची चहादाणी घ्यावी की चाओझोऊची?

आधी नावाचा घोटाळा मिटवू. आपण जिला चिनीमाती म्हणतो ती पांढरी, चकचकीत. इथे गोष्ट आहे बिनझिलईच्या, हाताला किंचित खरखरीत लागणाऱ्या चहादाण्यांची. त्यात निवड बहुधा दोन गावांवर येऊन ठेपते. जिआंगसू प्रांतातलं यिशिंग, नाहीतर ग्वांगडोंगमधलं चाओझोऊ.

यिशिंगच्या मातीला ‘जांभळी वाळू’ म्हणतात, पण भाजल्यावर ती तपकिरी, लाल, पिवळसरही निघते. माती रवाळ, चाकावर नीट उचलत नाही. म्हणून कारागीर लाकडी थापीने तिची पोळी थापतो, पट्टी गोल वळवून जोडतो आणि हलक्या हाताने थापटत तिचं तोंड आवळत आणतो. चाक नसल्यामुळेच चौकोनी, षटकोनी, बांबूच्या पेरासारखे आकार तिथे जमतात. मला भुरळ घालते ती शीप्याओ. खाली रुंद, वर निमुळती, झाकण सपाट, तीन बुटके पाय. चेन मानशेंग (१७६८–१८२२) या सरकारी अधिकाऱ्याने असे साधे घाट आखून दिले. तो सुलेखनकार आणि शिक्के कोरणारा, त्यामुळे भांड्याच्या अंगावर अक्षरंही आली.

चाओझोऊची लाल माती बारीक, चाकावर सरसर चढते. घाट बहुतेक गोल, अंग पातळ, मापं छोटी, १०० मिलिलिटरच्या आसपास. तिथल्या फेंगह्वांग डोंगरावरच्या ऊलाँग चहाला हेच मानवतं. पानं ठासून भरायची, उकळतं पाणी घालायचं आणि काही सेकंदांत ओतून मोकळं व्हायचं.

रोज वापरायची असेल तर माझं मत चाओझोऊला. यिशिंगच्या नावाचेच पैसे जास्त, आणि नकलाही त्याच नावाच्या. घाटावर जीव जडला असेल तर मात्र यिशिंगच घ्या, मग हिशेब करू नका.

कुठलीही घ्या, दुकानात पाणी मागा. चहादाणी भरून ओतायला लागा आणि झाकणावरच्या भोकावर बोट दाबा. धार थांबली तर झाकण चोख बसलंय. बोट काढा, ओतणं थांबवा आणि तोटीखाली बघा. थेंब ओघळून पोटावर आला तर रोज टेबल पुसायची तयारी ठेवा.

साबण लावायचा नाही, माती वास धरते. आणि आपला दूध-आल्याचा चहा तिच्यात चुकूनही नको. त्याला पातेलंच बरं.