गंजलेल्या सायकल पार्टसाठी लिंबूसत्व: ५ पैकी ४

जुन्या काळ्या सायकली, ॲटलस, हिरो, हर्क्युलस वगैरे, कोकणात पडवीत दोन-चार पावसाळे नुसत्या उभ्या राहिल्या की हँडलपासून कॅरिअरपर्यंत सगळं तांबूस होतं, आणि मग सल्ले सुरू, कोणी म्हणतं कोल्ड्रिंक ओत, कोणी म्हणतं व्हिनेगर, कोणी थेट टॉयलेट क्लीनर. सगळं करून बघितलंय, किराणा दुकानात ढोकळ्यासाठी मिळतं ते लिंबूसत्व घ्या, म्हणजे सायट्रिक ॲसिडच, बाकी काही लागत नाही.

प्रमाण म्हणाल तर लिटरभर गरम पाण्यात ५० ग्रॅम, प्लास्टिकच्या बादलीत. पण त्याआधी रॉकेल किंवा डिझेलने जुनं ग्रीस काढायलाच लागतं, नाहीतर ॲसिड गंजापर्यंत पोचतच नाही आणि लोक म्हणतात की फरक पडला नाही. नट, कॉटर पिना, क्रँक, स्टँड रात्रभर बुडवून ठेवायचं, सकाळी पितळी ब्रशने घासलं की काळपट थर निघून खालचं लोखंड दिसतं. बादली शहाबादी फरशीवर किंवा मार्बलवर ठेवू नका प्लीज, दोन्ही चुनखडीचे दगड, थेंब सांडला तरी डाग कायमचा.

व्हिनेगर पण चालतं, पण त्यात ॲसिड जेमतेम ४-५ टक्के, टब भरायचा तर बाटल्याच बाटल्या लागतात आणि घरभर वास. कोल्ड्रिंकमध्ये फॉस्फोरिक ॲसिड असतं हे खरं, पण इतकं कमी की नुसता चिकटपणा आणि मुंग्या. टॉयलेट क्लीनर सगळ्यात फास्ट, त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं ना, पण ते गंजाबरोबर चांगलं लोखंडही खातं आणि त्याच्या वाफेने बाजूला ठेवलेले पाने गंजतात. आणि ते ब्लीचमध्ये चुकूनसुद्धा मिसळू नका, क्लोरीन गॅस होतो.

एक स्टार का कापला? कारण बाहेर काढल्यावर लगेच काम करावं लागतं. खायच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळा, धुवा, कोरडं करा आणि तिथल्या तिथे तेल लावा, चहा घेऊन येतो म्हणालात तर परत केशरी, दमट हवेत तर बघायलाच नको. शिवाय जस्ताचा मुलामा असलेल्या तारा आणि नट यात टाकले तर गंजाआधी मुलामाच जातो, अॅल्युमिनियमचे पार्ट पण नकोत.

हँडल आणि रिमच्या क्रोमला तर ॲसिड लागतच नाही, किचनमधल्या फॉइलचा बोळा पाण्यात भिजवून घासा, फॉइल क्रोमपेक्षा मऊ असल्याने चरे पडत नाहीत आणि बारीक ठिपके मस्त निघतात. जिथे क्रोमचा पापुद्राच सुटलाय तिथे मात्र कुठलाच घरगुती उपाय चालणार नाही, नवीन प्लेटिंग नाहीतर नवीन हँडल.

सीटच्या स्प्रिंगा रात्रभर ठेवू नका, कडक पोलाद ॲसिडमध्ये ठिसूळ होऊ शकतं. चेन आणि छर्रे तर वाचवायच्या भानगडीतच पडू नका, नवीनच टाका, सायकलच्या दुकानात स्वस्तात मिळतात.