डेबियनवर एसक्यूलाइट स्वतः बांधून सहा महिने: काय ठेवलं, काय मागे घेतलं

डेबियन १२ या लिनक्स प्रणालीमधलं एसक्यूलाइट ३.४०.१ (अनेक प्रोग्राम वापरतात ती डेटाबेस लायब्ररी) बांधणीचे पर्याय बदलून सहा महिने वापरात आहे. बांधणं, म्हणजे सोर्स कोडपासून पॅकेज तयार करणं, हा यातला सोपा भाग. एपीटी या पॅकेज-व्यवस्थापकाच्या सोर्स यादीत सोर्स कोड कुठून आणायचा हे सांगणारी 'डेब-एसआरसी'ची ओळ हवी, नाहीतर पहिल्याच पायरीला अडकाल. मग 'एपीटी सोर्स' (कोड आणायला), 'एपीटी बिल्ड-डेप' (बांधायला लागणारी पॅकेजं आणायला), डेबियन फोल्डरमधल्या 'रूल्स' फाइलमध्ये सी-फ्लॅगचा, म्हणजे कंपायलरला दिलेल्या पर्यायांचा बदल आणि शेवटी पॅकेज बनवणारं 'डीपीकेजी-बिल्डपॅकेज'.

खरी ठेच लागते व्हर्जन नंबरात. मूळ '-२' पुढे '+लोकल१' जोडलं की आपलं पॅकेज नवं ठरतं, इथवर ठीक. पण सुरक्षा अपडेट '-२+डेब१२यू१' अशा नावाने येतं आणि रोमन वर्णक्रमात 'एल' हे अक्षर 'डी'च्या नंतरचं. एपीटीला आपलंच पॅकेज नवं वाटतं आणि अपडेट येतच नाही. ना एरर, ना इशारा. त्यामुळे '+ए१' लावा आणि पॅकेज आपोआप बदलू नये म्हणून 'एपीटी-मार्क होल्ड' करा. मग अपडेट रोखलेल्या पॅकेजांच्या यादीत दिसतं आणि पुन्हा बांधायची वेळ झाली हे कळतं. होल्ड विसरलात तर अपडेट येईल, पण तुमचे पर्याय जातील.

आता एकेक पर्याय. सिक्युअर-डिलीट डेबियनमध्ये चालू असतं: पुसलेल्या मजकुरावर शून्यं लिहिली जातात, म्हणजे डिस्कवर जास्तीचं लेखन. प्रोग्राम आपलाच असेल तर एवढ्यासाठी बांधायची गरज नाही, कनेक्शन उघडल्यावर त्याच नावाचा प्रॅग्मा (एसक्यूलाइटची सेटिंग बदलणारी आज्ञा) बंद करा. कोड हातात नसेल तरच हा खटाटोप.

'डीक्यूएस' (दुहेरी अवतरणातली स्ट्रिंग चालवून घेणारा पर्याय) शून्य करून पाहिलं आणि मागे घेतलं. दुहेरी अवतरणातलं चुकलेलं कॉलम-नाव मुकाट्याने स्ट्रिंग धरलं जात नाही, हा फायदा खराच. पण लायब्ररी साऱ्या सिस्टिमची आहे. स्ट्रिंग दुहेरी अवतरणात लिहिणारे जुने प्रोग्राम 'असा कॉलम नाही' म्हणून थांबतात. थ्रेडसेफ शून्य करण्याच्या तर वाटेलाच जाऊ नका, एकाच वेळी चालणाऱ्या थ्रेडना एकमेकांच्या आड येऊ न देणारी कुलुपं, म्हणजे म्युटेक्सच निघून जातात. कॉलम-मेटाडेटा (कॉलमची माहिती देणारा पर्याय) काढलं तर काही फंक्शन्स लायब्ररीतून गायब होतात आणि ती वापरणारा प्रोग्राम सिम्बल (फंक्शनचं नाव) सापडत नाही म्हणून कोसळतो.

कोणते पर्याय लागू आहेत याची तपासणी 'कंपाइल ऑप्शन्स' प्रॅग्माने, पण नेहमीच्या प्रोग्रामच्या कनेक्शनवरूनच करा. चालू प्रोसेस रीस्टार्ट होईपर्यंत जुनीच लायब्ररी धरून बसतात. काही सॉफ्टवेअर तर एसक्यूलाइट पोटातच घेऊन येतात; त्यांच्यावर या बदलाचा काडीचाही परिणाम होत नाही.